पत्र्याच्या आतल्या बाजूला

दुकानावर पाटी अजून तीच आहे:
हॉगस्टाड अँड सन्स, हीटिंग व प्लंबिंग.
सन्स नव्हतेच कधी. आम्ही तिघी मुली.
पाटी रंगवणाऱ्याने आपलं गृहीत धरलं,
आणि वडील म्हणाले, राहू दे,
रंग चांगला बसलाय.

जानेवारीत रात्री दोनला फोन वाजायचा.
बाहेर उणे चौतीस.
आई दिवा न लावताच थर्मास भरायची.
कुणाची तरी भट्टी विझलेली असायची,
कुणाच्या तरी पाळण्याशेजारी
श्वासाची वाफ दिसू लागलेली.
ते बूट चढवत. बोलत नसत.
ट्रक तीनदा खोकायचा, चौथ्यांदा ऐकायचा.
काचेवरच्या बर्फात अंगठ्याने भोक पाडून
मी बघत राहायचे,
मागचे दोन लाल दिवे
धान्याच्या उंच कोठारामागे वळेपर्यंत.

मार्चमध्ये गेले.
नॉर्थ डकोटाची जमीन तेव्हा कुदळीला दाद देत नाही,
म्हणून पुरायला मे उजाडावा लागला.
मधल्या दोन महिन्यांत मी ट्रकची बॅटरी बदलली,
उधारीच्या वह्या चाळल्या, फोन माझ्या उशाशी घेतला.
गावच्या पेपरात चार ओळी आल्या:
वर्लिन हॉगस्टाड, वय एक्याऐंशी,
कुटुंबवत्सल, सचोटीचा व्यावसायिक.
खरंच होतं सगळं. कुणाच्याही नावापुढे खपलं असतं.

मग क्वामेबाईंच्या तळघरात
जुन्या भट्टीचा पत्रा उघडला,
आणि आतल्या बाजूला, पेन्सिलीने, त्यांचं अक्षर:
९ फेब्रु. ७८. पंखा बदलला. वारा वायव्येचा.
इंग्रिडला पहिला दात.

टॉर्च दातात धरून मी किती वेळ उकिडवी बसले
कोण जाणे. वरून क्वामेबाईंनी विचारलं,
फार खर्चाचं आहे का गं?

तेव्हापासून प्रत्येक पत्रा मी उलटा करून बघते.
बँकेत: मुख्य झडप. कंबर धरली. बर्फ नाही.
न्हाव्याकडे: कर्जाचा शेवटचा हप्ता दिला. कुणाला सांगू?
वाचनालयात: पट्टा नवा. आर्डिसशी भांडण.
चूक माझी. अजून बोललो नाही.

हे आईला वाचून दाखवलं.
तिने तारीख विचारली, चष्मा काढला, पुसला,
म्हणाली, त्या दिवशी येताना
पेटीभर संत्री आणली होती त्याने.
मला वाटलं, सेल असेल.

आणि कोल्स्टाडांच्या घरी, धुराड्याच्या मागे,
हात जेमतेम पोचेल अशा जागी:
१४ डिसें. मारेनचं नाटक सहाला.
आता सात दहा. ज्योत धरत नाही.
खाली, पेन्सिल जोरात दाबून, एकच शब्द:
धरली.

मी मेंढी होते त्या नाटकात.
एकच वाक्य होतं मला, तेही अर्धं विसरले.
रिकाम्या खुर्चीचा तो किस्सा
तीस वर्षं मी प्रत्येक थँक्सगिव्हिंगला सांगत आले,
सगळे हसायचे, ते सगळ्यात जास्त,
आणि टर्की कापत राहायचे.
एकदाही म्हणाले नाहीत
की घड्याळ बघत होतो.

आता लोक नव्या भट्ट्या बसवतात,
आत लिहायला जागाच नसते.
जुने अकरा पत्रे मी गॅरेजच्या भिंतीला टेकवून ठेवलेत.
भंगारवाला दर महिन्याला किलोचा भाव सांगून जातो.
इंग्रिड म्हणते, काय करणार आहेस त्यांचं?
मला ठाऊक नाही.

गावात अजून शंभरेक तळघरं असतील
जिथे ते अंधारात, कानावर पेन्सिल ठेवून, वाट बघताहेत.
कारणाशिवाय कुणाचं दार वाजवायचं नाही
हा त्यांचाच नियम.
कुणाची भट्टी विझावी असं मी म्हणत नाही,
बाहेर माणसं गोठतील अशी थंडी आहे.
पण रात्री दोनला फोन वाजतो
तेव्हा बूट मी
गरजेपेक्षा जरा घाईनेच चढवते.